बांधावरची बाभूळ आणि भेगेंतला उंदीर

आपल्या घरांतून जीवजंतूंची वाटणी फार जुन्या काळापासून ठरून गेलेली आहे. गाय, तुळस, वड, पिंपळ हीं पूज्य. आंबा, चिंच, शेवगा हीं उपयोगाचीं. साप भीतीचा खरा, पण श्रावणांत एक दिवस पूजेचाहि. आणि उंदीर, घूस, झुरळ हीं निखालस उपद्रवी. त्यांतहि उंदराची गोष्ट चमत्कारिक आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीस गजाननाच्या पायाशीं बसलेल्या मूषकास आपण हळदकुंकू वाहतों, आणि त्याच रात्रीं कोठीच्या खोलींत सांपळा लावावयास विसरत नाहीं. यांत वावगें कांहीं नाहीं. संसार करणारास धान्य राखावेंच लागतें. परंतु या घरगुती वाटणीच्या जोडीस अलीकडे दुसरी एक वाटणी आलेली आहे. कोणता जीव जगांतून नाहींसा होण्याच्या किती जवळ येऊन ठेपला आहे, हें सांगणारी ती वाटणी होय. ‘संकटग्रस्त’, ‘अतिसंकटग्रस्त’ हे तिचे शब्द वर्तमानपत्रांतून वारंवार येतात, आणि शाळेंत जाणारीं मुलें त्यांचा अर्थ घरांतील वडील माणसांस विचारतात. या दोन वाटण्यांचा एकमेकींशीं संबंध काय, याचा विचार या वेळीं करावयाचा आहे.

त्यासाठीं वाघ किंवा माळढोक यांच्याकडे जाण्याचें कारण नाहीं. परभणी जिल्ह्यांत शेताच्या बांधावर भेटणारे दोन अगदीं सामान्य जीव घेऊं. एक बाभूळ, आणि दुसरा काळ्या रानाच्या भेगेंत राहणारा मऊ केसांचा शेत-उंदीर. झाडाची आणि उंदराची तुलना ती कसली, असें प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु दोघांची जमीन एक, दोघांचा पाऊस एक, दोघांचा शेतकरीहि एक. आणि जगाच्या यादींत दोघांच्या नांवापुढें मारलेला शेराहि एकच आहे. म्हणूनच ही तुलना उपयोगी पडते.

प्रथम जमिनीविषयीं. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत परभणी जिल्हा पसरलेला आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता; १९५६ सालीं तो द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, व १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. १९९९ च्या मे महिन्यांत हिंगोली जिल्हा वेगळा निघाल्यावर परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा असे नऊ तालुके त्यांत उरले. उत्तरेस जिंतूरकडील डोंगर आणि दक्षिणेस गंगाखेडकडील बालाघाटाचा भाग सोडला, तर बहुतेक प्रदेश सखल व काळ्या मातीचा आहे. ही माती पाऊस पडला कीं फुगते, आणि उन्हाळ्यांत आक्रसून तिला भेगा पडतात. चैत्र-वैशाखांत त्या इतक्या खोल जातात कीं लहान मुलाचा पाय सहज अडकावा. पावसाळ्यांत पाय रोवूं न देणारा चिखल आणि उन्हाळ्यांत फाटलेली भुई, या दोन टोकांमध्यें ज्याला जगतां येईल तोच येथें टिकावयाचा. बाभूळ आणि हा उंदीर या दोघांसहि तें साधलेलें आहे. मात्र दोघांची रीत निरनिराळी आहे.

बाभळीचें वर्णन करण्याची पूर्वीं गरज पडली नसती. हल्लीं ती पडते. कारण रस्त्याच्या कडेस व पडीक जागेंत माजलेलीं जीं कांटेरी झुडपें दिसतात, त्यांसच कित्येक लोक बाभूळ समजतात. ती विलायती बाभूळ होय. ती एकोणिसाव्या शतकांत अमेरिका खंडांतून इकडे आली, आणि तिचा वंशहि वेगळा. ओळखण्याची खूण सोपी आहे. देशी बाभळीचें फूल म्हणजे हळदीच्या रंगाचा, मंद वासाचा वाटोळा गोंडा. विलायतीचें फूल लांबट तुऱ्यासारखें. देशी बाभळीची शेंग माळेंत मणी ओवावे तशी प्रत्येक बीपाशीं फुगीर व मधें चिमटलेली. विलायतीची शेंग चपटी व सरळ. देशी झाडाचे पांढरे, सरळ, जोडीजोडीनें येणारे कांटे तर खेड्यांत वाढलेल्या प्रत्येकाच्या टाचेस ठाऊक आहेत. तिच्यांत एक प्रकार असा कीं त्याच्या फांद्या पसरत नाहींत, सुरूच्या झाडाप्रमाणें सरळ वर जातात. त्यास रामकाठी म्हणतात. सावली थोडी पडत असल्यानें शेतांत राखावयास हा प्रकार विशेष सोयीचा.

लिनियसनें १७५३ सालीं या झाडास नाईल नदीवरून ‘निलोटिका’ असें नांव दिलें, कारण आफ्रिकेपासून अरबस्तानमार्गें हिंदुस्थानपर्यंत हें झाड आपोआप वाढतें. पुढें पुष्कळ वर्षें त्यास ‘अकेशिया’ या वंशांत घालीत. २००५ सालीं व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्रज्ञांच्या परिषदेंत तें वंशनाम ऑस्ट्रेलियांतील झाडांकडे गेलें, आणि आपली बाभूळ ‘व्हॅशेलिया निलोटिका’ झाली. शास्त्रांत नांव बदललें तरी खेड्यांत तिचें काम बदललेलें नव्हतें. नांगर, वखर, कुळव, बैलगाडीचें चाक, मोटेचें सामान, सारें तिच्या लांकडाचें, साल कातडें कमावण्यास, शेंगा शेळ्यांस, कोंवळी काडी दांतवणास, आणि डिंक बाळंतिणीच्या लाडवांस. परसांतील एका झाडानें इतकीं कामें करावीं, असें दुसरें उदाहरण काळ्या रानांत विरळा. शिवाय तिच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतू हवेंतील नत्र जमिनींत आणून ठेवितात. छत्तीसगडांत तर भाताच्या खाचरांत मुद्दाम बाभळी राखण्याची जुनी रीत आहे.

आतां उंदीर. घरांत फिरणारा उंदीर हा नव्हे, आणि भिंती पोखरणारी घूसहि नव्हे. घरच्या उंदराचें शेपूट त्याच्या अंगाहून लांब असतें. याचें शेपूट अंगाएवढें किंवा त्याहून आंखूड. अंगावरील केस मऊ व दाट, पाठ करड्या-तपकिरी रंगाची, पोट फिकट आणि कान बरेच मोठे. हा घराच्या वाटेस सहसा जात नाहीं. शेत हेंच त्याचें घर. भारत, श्रीलंका, नेपाळ व पाकिस्तान एवढ्या प्रदेशांत तो आढळतो. त्याचें शास्त्रीय नांव ‘मिलार्डिया मेल्टाडा’. यांतील दुसरा शब्द आपल्या शेजारचाच आहे. विहिरी व तळीं खणणाऱ्या वडार समाजांतील लोक या उंदरास ‘मेट्टाड’ म्हणत. तोच शब्द इंग्रज शास्त्रज्ञांच्या हातीं पडून ‘मेल्टाडा’ झाला. आपण त्यास मेट्टाडच म्हणूं.

या उंदराची पहिली चांगली हकीकत वाल्टर इलियट यानें लिहिली. हा मद्रास इलाख्याचा मुलकी अधिकारी धारवाडकडे, म्हणजे त्या वेळच्या दक्षिण मराठा मुलखांत, कामावर होता. आणि तेथील सस्तन प्राण्यांची यादी त्यानें १८३९ सालीं प्रसिद्ध केली. धारवाड परभणीहून दूर आहे खरें, परंतु तेथील काळी जमीन व ज्वारीचें पीक आपल्या ओळखीचें आहे. इलियट सांगतो कीं मेट्टाड स्वतः मोठें बीळ खणण्याच्या भानगडींत फारसा पडत नाहीं. झुडपाच्या मुळाशीं थोडेंसें उकरून, दगडांच्या ढिगांत, दुसऱ्या उंदराच्या सोडलेल्या बिळांत, नाहींतर उन्हाळ्यांत काळ्या जमिनीस पडलेल्या भेगांतच तो जोडीनें किंवा पांचसहांच्या टोळीनें राहतो. पहिला जोराचा पाऊस आला कीं भेगा मिटतात, आणि त्यांत राहणारे हजारों उंदीर दरसाल मरतात.

या एका गोष्टींत साऱ्या उपद्रवाचें मर्म आहे. १८२६ सालीं पावसानें आरंभीं ओढ दिली. भेगा मिटल्या नाहींत, उंदीर मेले नाहींत, आणि त्यांची वीण मात्र चालू राहिली. मग त्यांनीं पेरलेलें बीं उकरून खाल्लें. जें उगवलें त्याचीं कणसें भरतांच ताटावर चढून तीं कातरून खालीं पाडलीं. शेवटीं रयतेनें वडारांस बोलावून, अमुक डझन उंदरांस एक माप धान्य अशा ठरावानें, ते हजारोंनीं मारविले. पुढें १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या मागोमाग १८७८-७९ सालीं दख्खनेंत उंदरांचा जो भयंकर सुळसुळाट झाला, त्यांतहि शेतांतील उंदरांच्या इतर जातींबरोबर मेट्टाडचें नांव येतें. अवर्षणानें आधींच खंगलेल्या शेतकऱ्यावर लगेच उंदरांची धाड यावी, हा दैवाचा दुष्टपणा वाटतो. परंतु त्याचें एक कारण जमिनीच्या भेगांत व चुकलेल्या पावसांत होतें.

आतां दोघांचा जीवनक्रम शेजारीं शेजारीं मांडून पाहूं. बाभळीस मोठें होण्यास वर्षें लागतात, पण एकदां मूळ खोल गेलें म्हणजे एका वर्षाचें अवर्षण तिच्या खिजगणतींत नसतें. तिचें बीं टणक कवचाचें. तें जमिनींत वर्षानुवर्षें पडून राहतें, आणि शेळीच्या किंवा गुराच्या पोटांतून जाऊन आलें म्हणजे अधिक लवकर रुजतें. मेट्टाडचें सारेंच उलट. आयुष्य थोडें, वीण पुष्कळ. चांगला हंगाम मिळाला कीं दहाचे शंभर, आणि एका धोधो पावसांत शंभराचे पुन्हां दहा. झाड धीरानें जगतें, उंदीर संख्येच्या बळावर जगतो. म्हणूनच दोघांस संपविण्याचे मार्गहि निराळे. उंदीर मारून संपत नाहींत. उरलेले चार पुढच्या हंगामांत भर काढतात. बाभूळ मात्र एका दुपारीं तोडतां येते, आणि तिच्या जागीं तेवढीच दुसरी उभी राहावयास पंधरा-वीस वर्षें जातात.

येथवर आल्यावर जगाच्या यादीकडे वळूं. ‘आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघ’ ही संस्था १९४८ सालीं फ्रान्समध्यें स्थापन झाली, आणि १९६४ पासून ती धोक्यांत असलेल्या जीवांची ‘लाल यादी’ ठेवीत आलेली आहे. तींत पायऱ्या आहेत: निर्धोक, संकटसमीप, असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त, केवळ पाळीव किंवा लावलेल्या स्थितींत उरलेला, आणि अखेर नामशेष. पायरी ठरवितांना संख्या किती, ती किती वेगानें घटते, आणि जीव किती जागेंत राहतो हें पाहतात. जागेचें माप समजण्यास परभणी जिल्हाच घ्या. त्याचें क्षेत्रफळ सहा हजारांहून थोडें अधिक चौरस किलोमीटर आहे. एखादा जीव साऱ्या जगांत केवळ याच जिल्ह्यांत राहत असता, आणि त्याची जागा तुकडे पडून घटत चालली असती, तर तो ‘असुरक्षित’ वर्गांत गेला असता. कारण त्या वर्गाची मर्यादा वीस हजार चौरस किलोमीटर आहे. पांच हजारांच्या आंत ‘संकटग्रस्त’, आणि शंभराच्या आंत ‘अतिसंकटग्रस्त’. बाभूळ दोन खंडांवर पसरलेली, आणि मेट्टाड चार देशांत. दोघांच्याहि नांवापुढें ‘निर्धोक’ असा शेरा आहे, व तो बरोबरच आहे.

परंतु हा शेरा वाचून कोणी असें समजेल कीं झाड उपकारक म्हणून सुरक्षित, आणि उंदीर उपद्रवी म्हणून सुरक्षित. तर तें चूक होईल. यादीस उपकार-अपकार कळत नाहींत. हें पटण्यास बाभळीचें परदेशगमन पाहावें. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड प्रांतांत १८९० नंतरच्या दशकांत मेंढ्यांस सावली व चारा मिळावा म्हणून तिचें बीं नेण्यांत आलें. तेथेंहि भेगाळणारी चिकण माती, तेथेंहि दुष्काळ. पुढें मेंढ्यांच्या जागीं गुरें आलीं, गुरांच्या शेणांतून बीं सर्वत्र पसरलें, आणि ओल्या वर्षांत रान माजलें. आज साठ लाखांहून अधिक हेक्टर गवताळ भूमि तिनें व्यापलेली आहे. म्हणजे सुमारें दहा परभणी जिल्हे. तेथील सरकारनें राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांत तिची गणना केली आहे, आणि तिचे नैसर्गिक शत्रू शोधण्यासाठीं तेथील शास्त्रज्ञांनीं भारतांतील बाभळींवरचे किडे तपासविले. जावा बेटांतील बालुरान येथील राष्ट्रीय उद्यानांतहि १९६९ सालीं वणवा अडविण्यास लावलेल्या बाभळीनें रानगुरांचीं कुरणें गिळलीं. आपल्याकडे जिच्या डिंकाचे लाडू होतात, तीच तेथें उपटून जाळावयाची वस्तु झालेली आहे.

उंदराची गोष्ट याच्या बरोबर उलट आहे, आणि ती पुण्याच्या दारांत घडली. मेट्टाडच्या वंशांत एकूण चार जाती आहेत. त्यांपैकी एक पुण्यांतील विषाणु संशोधन केंद्रांत काम करणाऱ्या मिश्रा व धांदा या शास्त्रज्ञांनीं १९७५ सालीं नवी म्हणून जाहीर केली. ती सिंहगडावर सांपडली, म्हणून गडाच्या जुन्या नांवावरून तिला ‘मिलार्डिया कोंडाना’ असें नांव मिळालें. हा कोंडाणा उंदीर मेट्टाडपेक्षां थोराड, रात्रीं फिरणारा, बिळांत राहणारा. केंद्र सरकारच्या पर्यावरण व वन मंत्रालयानें २०११ सालीं अतिसंकटग्रस्त प्राण्यांची एक पुस्तिका काढली. तींत या उंदराचें नांव आहे, आणि त्याचा मुलूख म्हणजे सिंहगडाचें सुमारें एक चौरस किलोमीटरचें पठार, असें सांगितलें आहे. ‘डोंगर पोखरून उंदीर काढला’ ही म्हण आपण फुकट गेलेल्या श्रमांस लावतों. येथें मात्र डोंगरावर जो उंदीर निघाला, त्याच्यापुढें त्या डोंगरावरील पुष्कळ गोष्टी सामान्य ठराव्या. कारण गड इतरहि आहेत. हा उंदीर नाहींसा झाला तर तो पुन्हां कोठून आणावयाचा नाहीं. गुरांची चराई, झाडोऱ्याची नासधूस आणि रविवारीं गडावर लोटणारी गर्दी, हीं त्याच्यावरील संकटें होत.

या उंदरांच्या वंशास ‘मिलार्डिया’ हें नांव ओल्डफील्ड थॉमस यानें १९११ सालीं दिलें, तें वाल्टर सॅम्युअल मिलार्ड याच्या सन्मानार्थ. हे गृहस्थ मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे कार्यवाह, आणि त्याच सालीं सुरू झालेल्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीचे एक मुख्य पुरस्कर्ते. पुढें १९३७ सालीं फादर ब्लॅटर यांच्यासह भारतांतील सुंदर वृक्षांवर जें नांवाजलेलें पुस्तक निघालें, त्याचेहि ते सहलेखक होते. वृक्षांची आवड आणि उंदरांचा अभ्यास एकाच माणसास शोभूं शकतो, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

भाऊबंद असूनहि एक उंदीर निर्धोक आणि दुसरा अतिसंकटांत, हा फरक कशानें पडला? मेट्टाडनें माणसाचें शेत हेंच आपलें घर केलें. जेथें जेथें ज्वारी गेली तेथें तेथें त्याची सोय झाली. कोंडाणा उंदीर एका माथ्यावर राहिला. माणसाच्या संगतीनें एकाची भरभराट झाली आणि दुसऱ्याची कोंडी. सरकारी कायद्यानें मात्र बराच काळ दोघांस एकाच दावणीस बांधलें होतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पांचव्या अनुसूचींत उपद्रवी प्राणी सांगितले होते. कावळा, फळें खाणारीं वटवाघळें आणि उंदीर. कोणता उंदीर, हें सांगितलेलें नव्हतें. २०२२ च्या दुरुस्तीनें ती अनुसूची निघाली. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आहे, आणि आतां एखादा प्राणी उपद्रवी ठरवावयाचा तर केंद्र सरकारला तसें स्वतंत्रपणें जाहीर करावें लागतें. बाभळीच्या बाबतींतहि कायद्याचा आधार थोडाच आहे. झाडें तोडण्यावर नियंत्रण घालणाऱ्या १९६४ च्या राज्य कायद्यांत परवानगीवांचून तोडूं नयेत अशा झाडांची अनुसूची आहे. तींत साग, आंबा, चिंच, मोह, चंदन, जांभूळ इत्यादि आहेत, बाभूळ नाहीं.

म्हणजे जगाची यादी बाभळीस निर्धोक म्हणते, आणि राज्याचा कायदा तिचें नांव घेत नाहीं. मग परभणीच्या बांधावरील बाभूळ कोणाच्या भरंवशावर उभी राहावयाची? पूर्वीं ती गरजेच्या भरंवशावर उभी होती. दर दोनचार वर्षांनीं औताचें लांकूड लागे, म्हणून शेतकरी एक तोडतांना दोन वाढूं देई. १९०३ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला. पुढें विहिरीवर इंजिन आलें, गाडीस रबरी चाकें आलीं, शेवटीं ट्रॅक्टर आला. यांत शेतकऱ्याचे कष्ट वांचले, त्याविषयीं तक्रार करणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु गरज संपली तशी बाभळीची राखणहि संपली. राहिली ती तिची सावली, जी कडेच्या पांचसहा तासांचें पीक खुरटवते, आणि तिचा कांटा, जो ट्रॅक्टरच्या चाकांत शिरतो.

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळ कुटुंबांची थोडी जमीन अजून गांवाकडे आहे, आणि घरचीं माणसें पुण्या-मुंबईस किंवा त्याहून दूर आहेत. जमीन बटाईनें किंवा चुलतभावाकडे. अशा घरांत उन्हाळ्यांत एक प्रश्न येतो: “बांधावरच्या बाभळी काढून टाकूं का? पिकास आंच लागते, आणि त्यांच्या बुडाशीं उंदीर फार झाले आहेत.” विचारणारा खोटें बोलत नसतो. सावलीचा तोटा खरा, आणि झुडपाच्या मुळाशीं मेट्टाड राहतो हें इलियटनेंहि पाहिलेलें होतें. तथापि ‘काढा’ असें उत्तर देण्यापूर्वीं एका तिसऱ्या रहिवाशाचा विचार करावा. जुन्या बाभळीच्या ढोलींत पिंगळा राहतो. गव्हाणी घुबड रात्रीं तिच्या फांदीवर बसून शेतावर नजर ठेवितें. उंदीर हें या घुबडाचें मुख्य अन्न आहे. सपाट रानांत बसावयास उंच जागा राहिली नाहीं, तर हा राखणदार येणार कोठें? म्हणूनच जेथें झाडें नाहींत तेथें शेतांत लांकडाचे पक्षिथांबे रोवावे, असा सल्ला कृषिखात्याकडून दिला जातो. झाड तोडून खांब रोवण्यापेक्षां झाडच राखणें अधिक शहाणपणाचें नाहीं काय?

तेव्हां उत्तर असें द्यावें. बाभळीच्या बुडाशीं माजलेलें झुडूप व गवत काढावें, खोड ठेवावें. खालच्या फांद्या छाटाव्या, म्हणजे सावली वर जाते. दाट असतील तेथें विरळ कराव्या, पण एकहि बांध अगदीं बोडका करूं नये. नवीं रोपें करावयाचीं तर रामकाठीचें बीं मिळवावें आणि तें गरम पाण्यांत भिजवून पेरावें. नाहींतर शेळ्यांस शेंगा घालून त्यांच्या वाड्यांतील बीं वेंचावें. उंदरांचा बंदोबस्त पेरणीपूर्वीं, भेगा उघड्या असतांनाच, आजूबाजूच्या शेतकऱ्यांनीं मिळून करावा. एकट्यानें आपल्याच शेतांतले मारले तर शेजारच्या शेतांतले येतात. ज्या वर्षीं मृगाचा पाऊस ओढ देईल, त्या वर्षीं १८२६ ची आठवण ठेवून अधिक सावध असावें. सांपळे व बिळें खणणें हे उपाय आधीं. झिंक फॉस्फाइडसारखें विष अगदीं शेवटीं आणि जाणत्या माणसाच्या हातानें, कारण तें आमिष मूल, मांजर किंवा पांखरूं पाहत नाहीं. परभणीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे; ‘परभणी मोती’ ज्वारी आणि ‘परभणी क्रांति’ भेंडी तेथलीच. वेळप्रसंगीं तेथें विचारण्यास संकोच करूं नये.

दोन वाटण्यांविषयीं आरंभीं जो प्रश्न घेतला, त्याचें उत्तर आतां देतां येईल. घरची वाटणी आपल्या गरजेवरून झालेली असते, आणि जगाची यादी जीवाच्या अस्तित्वावरून. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधूं नये. उपद्रवी म्हटलेल्या कुळांत एखादा कोंडाणा उंदीर निघतो, आणि निर्धोक म्हटलेलें झाड आपल्या बांधावरून एका पिढींत नाहींसें होऊं शकतें. जग बाभळीस मुकणार नाहीं. पण आपलें गांव मुकेल, आणि तें कोणत्याहि यादींत लिहिलें जाणार नाहीं. त्याचा हिशेब ज्याचा बांध त्यानेंच ठेवावयाचा आहे.

दिवाळीच्या सुटींत मुलें गांवीं जातील तेव्हां त्यांस एक काम सांगावें. आपल्या शेताच्या चारी बांधांवर देशी बाभळी किती आणि विलायती किती, हें फूल, शेंग व कांटे पाहून मोजावें आणि वहींत लिहून ठेवावें. ज्वारी किंवा तूर यांच्या कडेस उंदरांचीं बिळें दिसलीं तर तींहि मोजावीं, आणि संध्याकाळीं कोणत्या झाडावर पिंगळा बोलतो तें आजोबांस विचारावें. पुढच्या वर्षीं तोच बांध पुन्हां मोजावा. दोन वर्षांची वही हातीं असली म्हणजे बांधावरच्या बाभळींविषयीं निर्णय घेतांना घरांतील वडील माणसांसहि तिचा उपयोग होईल.